सोलो वाजत होता, ऐकू येत नव्हता: चूक मैदानाची की साउंडवाल्यांची?

टूलरूम_नाशिक

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी मुंबईत एका परदेशी रॉक बँडचा कार्यक्रम ऐकून आलो. बँडचं, मैदानाचं, आयोजकांचं नाव लिहीत नाही. मला भांडण नकोय, उत्तर हवंय.

मुलगी नववीत आहे, तीन वर्षं गिटार शिकते. या बँडच्या एका गाण्यातला सव्वा मिनिटाचा सोलो तिनं दिवाळीपासून बसवायला घेतला होता. आधी पाऊण वेगानं लावून एकेक ओळ, मग पूर्ण वेगानं. डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलवटली, नंतर कडक झाली. तो सोलो ज्यानं वाजवला त्याच्याकडूनच ऐकायचा, म्हणून माणशी साडेचार हजारांची दोन तिकिटं काढली. सकाळी नाशिकहून निघालो, दुपारी तीनपासून रांगेत उभे होतो. आमचा विभाग मागचा होता. स्टेजकडे तोंड केलं तर उजव्या हाताला, कुंपणापासून जवळच. आमच्या पुढे थोड्या अंतरावर लोखंडी मनोरा होता, त्यावर स्पीकर टांगलेले.

पहिल्याच गाण्याला लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. किक ड्रम आणि बास पोटात धडका मारत होते, पण त्यांच्यावर काहीच नव्हतं. गायकाचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. स्नेअरचा प्रत्येक ठोका दोनदा, ठक-ठक, जणू दोन ड्रमर आहेत आणि दुसरा पहिल्याच्या मागून धावतोय. मोठ्या पडद्यावर काठी पडताना दिसायची आणि आवाज निराळ्याच वेळी यायचा. मधेच वाऱ्याची झुळूक आली की सगळं पुसट व्हायचं आणि पुन्हा परत यायचं.

मग ते गाणं आलं. गिटारवादक स्टेजच्या टोकाशी आला, पडद्यावर त्याचा डावा हात एवढा मोठा दिसत होता की कुठल्या फ्रेटवर कुठलं बोट आहे ते मोजता यावं. तो वाजवत होता. मान मागे टाकून, डोळे मिटून वाजवत होता. आणि आम्हाला काहीही ऐकू येत नव्हतं. बास, ड्रम, आणि दुसऱ्या गिटारवाल्याची साथ, बस. मुलगी माझ्या बाजूला उभी राहून स्वतःच्या डाव्या मनगटावर उजव्या हातानं... नाही, उलटं, उजव्या मनगटावर डाव्या हाताची बोटं त्याच्याबरोबर चालवत होती. अर्ध्यात थांबली आणि मला म्हणाली, ‘बाबा, तो वाजवतोय ना?’

परतीच्या गाडीत ती इगतपुरीपर्यंत काही बोलली नाही.

मी अंबडच्या एमआयडीसीत टूलरूमला आहे, १९ वर्षं झाली. एंडमिल, म्हणजे धातू कापायचं फिरतं हत्यार, बोथट व्हायला लागली की आधी कटिंगचा आवाज बदलतो, माप नंतर जातं. कानावर पोट आहे माझं, त्यामुळे कानांत दोष आहे असं मला वाटत नाही. आणि हा काही पहिला कार्यक्रम नव्हे. १७ मार्च २००७ ला बंगळूरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा बँड ऐकलाय, पुण्याहून उद्यान एक्सप्रेसनं जाऊन. त्यांच्या तीन गिटारी एका वेळी वाजतात, आणि मी उभा होतो तिथून कोणती काय बोलतेय ते कळत होतं. म्हणून ‘उघड्या मैदानात असंच असतं’ हे उत्तर मला पटत नाही.

तर विचारायचं हे, की हे मैदानामुळे होतं, वाऱ्यामुळे, की कुणाच्या तरी हातून काहीतरी चुकलेलं असतं? दुसरं म्हणजे पुढच्या वेळी उभं कुठे राहायचं? मुलगी आता ‘परत नको’ म्हणते. ते मला फार लागलंय.

---

रात्रपाळी

दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण अशा कार्यक्रमाला सूर ऐकायला कोण जातं? सूर घरी हेडफोनवर ऐकायचे. तिथे हजारो लोक एकाच ओळीवर ओरडतात, त्यासाठी जायचं. मी आठ-नऊ कार्यक्रम मागच्या बाजूनं बघितलेत, आवाज एकदाही धड नव्हता आणि एकदाही पैसे वाया गेले असं वाटलं नाही. मुलीला सांगा, वातावरण अनुभवायचं असतं.

---

साउंडवाला_पुणे

मी या धंद्यात २२ वर्षं आहे. मामांचा मंडपाचा धंदा होता, तिथे बांबूवर भोंगे बांधण्यापासून सुरुवात. मग ऑर्केस्ट्रा, नाटकं, आता मोठ्या मैदानांची कामं. म्हणून आधी एक सांगतो. रात्रपाळी, तुमचा आनंद तुमचा, पण ‘मागे आवाज धड नसतोच’ हे आमच्या धंद्यातल्या माणसानं कबूल करू नये आणि तिकीट काढणाऱ्यानंही करू नये. शेवटच्या रांगेतल्या माणसाला गाण्याचे शब्द कळले पाहिजेत. तेवढ्यासाठीच तर तो मनोरा उभा केलेला असतो.

टूलरूम दादा, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की अर्धं निदान तुम्हीच केलंय. तीन गोष्टी विचारतो.

ठोका दोनदा येत होता तो कार्यक्रमभर, की सुरुवातीला येऊन नंतर थांबला? तुम्ही मनोऱ्याच्या किती मागे होता? आणि ज्या दुसऱ्या गिटारीची साथ ऐकू येत होती, तो वादक स्टेजवर कुठल्या बाजूला उभा होता?

---

टूलरूम_नाशिक

साउंडवाला साहेब, मनापासून आभार.

दुहेरी ठोका शेवटपर्यंत होता. मधे दोन-तीन गाणी जरा कमी वाटला, पण तेव्हा बहुतेक आम्ही पुढे सरकलो होतो. मनोऱ्यापासून आम्ही साधारण २० मीटर मागे. स्टेजपासून ९० तरी असू, मी पावलं मोजली नाहीत पण शॉपफ्लोअरच्या लांबीवरून अंदाज आहे.

साथीचा गिटारवाला उजवीकडे, म्हणजे आमच्या बाजूला उभा होता. सोलोवाला डावीकडे. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, तिला पूर्ण कार्यक्रमात डावीकडच्याची एकही नोट नीट ऐकू आली नाही, फक्त सोलोतच नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं.

रात्रपाळी, तुमचं म्हणणं समजलं. ओरडलो आम्हीही. पण पोरीनं पाच महिने जे बोटांत बसवलं ते समोर वाजत असताना ऐकू येऊ नये, याला मी वातावरण म्हणून सोडून देऊ शकत नाही.

---

वडाळा_लोकल

अहो, मी बहुतेक त्याच कार्यक्रमाला होतो! गेल्या शनिवारी, मुंबई, दोन गिटारी, उजव्या कुंपणाजवळ मनोरा, सगळं जुळतंय. फक्त मी डाव्या बाजूला होतो. आमच्याकडे सोलोवाली गिटार इतकी धारदार येत होती की मित्रानं कानात रुमालाचे बोळे घातले. साथीची गिटार मात्र नव्हतीच. मला वाटलं त्या दुसऱ्याचा अॅम्प बिघडलाय. दोन गाण्यांच्या सुरुवातीला तो एकटा वाजवतो, तेव्हा आमच्या बाजूला लोक एकमेकांकडे बघत होते, गाणं सुरू झालंय की नाही म्हणून.

म्हणजे तुमच्याकडे एक गिटार आणि आमच्याकडे दुसरी?

---

साउंडवाला_पुणे

वडाळा, तुम्ही उरलेलं अर्धं निदान आणून दिलंत. आता जरा सविस्तर लिहितो, रात्री वेळ आहे.

मिक्सरवर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जिथे एकत्र करतात त्या कन्सोलवर, प्रत्येक वाद्याला एक पॅनचं बटण असतं. ते मधोमध ठेवलं की वाद्य डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांतून सारखं येतं. पूर्ण डावीकडे फिरवलं की फक्त डावीकडून. रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटारी अशा दोन बाजूंना ठेवायची पद्धत जुनी आहे, आणि हेडफोनवर ती सुंदर वाटते, कारण तुमचे दोन्ही कान दोन्ही बाजूंच्या बरोबर मधे असतात. मैदानात मधोमध किती लोक असतात? कन्सोलसमोरची एक पट्टी. बाकी सगळे एका बाजूच्या स्पीकरच्या ताब्यात. डाव्यांना डावी गिटार, उजव्यांना उजवी. कन्सोलवर बसलेल्या माणसाला मात्र दोन्ही व्यवस्थित ऐकू येतात, कारण तो बरोबर मधे बसलेला असतो. त्याला आपली चूक तिथे बसून कधीच कळत नाही. म्हणून मैदानात गिटारी मधाच्या जवळ ठेवायच्या, थोड्याच बाजूला. आणि कार्यक्रम चालू असताना निदान एकदा तरी कन्सोल दुसऱ्याच्या हाती देऊन कुंपणापर्यंत चालत जायचं. मी माझ्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवतो.

त्यात उजव्या मनोऱ्याला बहुधा फक्त उजवीकडची तार दिलेली होती. मनोऱ्यांना दोन्ही बाजू एकत्र करून द्यायला हव्या होत्या. तसं असतं तर तुमच्या मुलीला सोलो ऐकू आला असता, थोडा दबका का होईना. याला पैसा लागत नाही, जास्तीचा स्पीकर लागत नाही. कन्सोलवर दोन मिनिटांचं काम आहे. म्हणूनच मला तुमचं वाचून राग आला.

आता दुहेरी ठोका. आवाजाला हवेतून १ मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. स्टेजपासून तुम्ही ९० मीटरवर, म्हणजे मुख्य स्पीकरचा ठोका तुमच्यापर्यंत यायला सुमारे २६० मिलिसेकंद. पण मनोऱ्यापर्यंत तो विजेच्या तारेतून जातो, तिथे वेळ लागतच नाही. मनोऱ्यातून निघून २० मीटर आला की ५८ मिलिसेकंदांत तुमच्या कानावर. म्हणजे आधी मनोऱ्याचा ठोका, मग सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यानं स्टेजचा. तीच तुमची ठक-ठक. हे होऊ नये म्हणून मनोऱ्याचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात. मनोरा ७० मीटरवर असेल तर साधारण २०० मिलिसेकंद उशिरा, म्हणजे मागून येणारा आवाज त्याला गाठतो आणि दोन्ही एकत्र तुमच्याकडे येतात. याला आम्ही डिले लावणं म्हणतो. तुमच्या बाजूला तो लावलाच नव्हता किंवा चुकून निघाला होता.

उन्हातान्हात दुपारी लावलेला डिले रात्री थोडा हलतो, हेही खरं. ३६ अंशांना आवाज सेकंदाला ३५३ मीटर जातो, २६ अंशांना ३४७. सत्तर मीटरला तीनेक मिलिसेकंदांचा फरक पडतो. त्यानं ठोका दोनदा ऐकू येत नाही, पण गिटारची धार बोथट होते, तुमच्या एंडमिलसारखी. चांगला माणूस संध्याकाळी पुन्हा तपासतो.

वारा. लोक म्हणतात वारा आवाज उडवून नेतो. उडवत नाही, वाकवतो. जमिनीलगत वारा कमी, वर जास्त, म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध जाणारा आवाज वर उचलला जातो आणि तुमच्या डोक्यावरून जातो. झुळकीबरोबर पुसट होणं हे त्यातलं. याला इलाज कमी आहे, मनोरे जवळजवळ आणि संख्येनं जास्त लावणं हाच. ही एक गोष्ट सोडली तर तुमच्या सगळ्या तक्रारी माणसांच्या चुकांच्या आहेत, मैदानाच्या नाहीत.

आणि बास. गायकाच्या शब्दांतली व्यंजनं, त, क, स, आणि गिटारचा चावा, हे सगळं दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास राहतं. खालचा आवाज फुगला की तो वरच्याला झाकून टाकतो. आपल्याकडे डीजेच्या भिंतींमुळे एक समज झालाय की छाती हलली म्हणजे साउंड चांगला. मालक येतो आणि म्हणतो, ‘अजून बेस दे.’ मी कित्येकदा देऊन बसलोय, नंतर स्वतःवर चिडलोय. गायकाचे शब्द कळत नसतील तर गिटारही गेलेलीच आहे असं समजा. दोघांचं घर एकच.

बासबद्दल एक उपयोगाची गोष्ट. ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. डाव्या आणि उजव्या सबमधून, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरांतून, येणाऱ्या लाटांच्या वाटेत साडेतीन मीटरचा फरक पडला की त्या एकमेकींना खातात. त्यामुळे मैदानात कुठे बास डोकं उठवतो आणि काही पावलांवर तो गायब असतो. जिथे असह्य होईल तिथून आडवं चालत जा, डावीकडे किंवा उजवीकडे. पुढेमागे नाही, आडवं. दहा पावलांत फरक कळतो.

उभं कुठे राहायचं? कन्सोलचा तंबू शोधायचा आणि त्याच्या थोडं पुढे, मधल्या रेषेवर उभं राहायचं. साउंड करणारा माणूस जिथे बसून कार्यक्रम बांधतो ती जागा. तंबूच्या लगेच मागे नको, तंबूच आडवा येतो. अगदी पुढच्या कुंपणालाही नको. तिथे स्टेजवरचे अॅम्प आणि ड्रम थेट कानावर येतात, आणि वर टांगलेले मोठे स्पीकर डोक्यावरून मागे जातात. महागातलं तिकीट म्हणजे चांगला आवाज असं नसतं. नकाशात कन्सोल कुठे आहे ते दाखवत नाहीत, दाखवायला हवं. लवकर जाऊन स्वतः बघणं, दुसरा उपाय नाही.

---

सॅन_होजे_वाला

साउंडवाला साहेबांनी इतकं छान सांगितलं की राहवलं नाही. मी मूळचा सांगलीचा, इथे कॅलिफोर्नियात बरीच वर्षं.

ज्या प्रश्नानं तुमची मुलगी गप्प झाली त्याच प्रश्नामागे माणसं किती लागलेली आहेत याचं एक उदाहरण. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स वाजले तेव्हा ५५ हजारांवर लोक होते. लोकांच्या किंचाळण्यापुढे त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. नऊ वर्षांनी, १९७४ मध्ये, इथल्याच ग्रेटफुल डेड या बँडनं स्पीकरांची एक अवाढव्य भिंत बांधली. ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणतात तिला. त्यांचं म्हणणं होतं की प्रत्येक वाद्याचा स्वतःचा स्पीकर असावा, म्हणजे एक वाद्य दुसऱ्याला झाकणार नाही. गिटारला वेगळा खांब, गायकांना वेगळा गुच्छ. बासच्या चार तारांचे आवाजसुद्धा चार वेगळ्या खांबांना देता यायचे. भिंत वादकांच्या मागे उभी असायची, त्यामुळे जे लोकांना ऐकू यायचं तेच वादकांना. मग मायक्रोफोनला मागचा सगळा आवाज लागून शिट्टी का नाही मारायची? प्रत्येक गायकाला दोन मायक्रोफोन, एकमेकांच्या उलटे जोडलेले. गायक एकातच गायचा. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा जायचा आणि एकमेकांना रद्द करायचा, उरायचा फक्त गळा.

ते ओझं आणि खर्च त्यांना झेपला नाही, त्याच वर्षी ऑक्टोबरनंतर भिंत मोडली. पण मागच्या माणसालाही स्पष्ट ऐकू यावं म्हणून स्वतःच्या खिशातून एवढं करणारे लोक रॉकवालेच होते. ‘रॉक म्हणजे गोंगाट’ असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

---

कानसेन_ठाणे

एक भर घालते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, लोकांची ऐकण्याची क्षमता तपासते.

दादा, टूलरूमचे १९ वर्षं झाली असतील तर एकदा कान तपासून घ्या, साधी ऑडिओमेट्री. तुमचं ऐकणं चुकलं असं मुळीच म्हणत नाही, वडाळ्याच्या भावांनी तुमचं म्हणणं खरं ठरवलंच आहे. पण यंत्रांच्या आवाजानं जे आधी जातं ते चार हजार हर्ट्झच्या आसपासचं, आणि साउंडवाला भाऊंनी सांगितलं तसं गिटारचा चावा त्याच्याच शेजारी असतो.

मुलीसाठी जास्त लिहायचंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली ती १५ मिनिटांची सरासरी धरून १०० डेसिबल आहे. मोठ्या स्पीकरजवळ हे सहज ओलांडलं जातं. रुमालाचे बोळे किंवा मेडिकलमधले फोमचे प्लग वरचे स्वर जास्त कापतात, म्हणून सगळं मातकट ऐकू येतं आणि मुलं काढून टाकतात. वादकांसाठी फिल्टरचे प्लग मिळतात, ते सगळे स्वर जवळजवळ सारखे खाली आणतात. गिटार शिकणाऱ्या मुलीकडे ते असायलाच हवेत.

---

रात्रपाळी

खरं सांगतो, हे सगळं मला माहीत नव्हतं. म्हणजे मी आठ-नऊ वेळा जे ऐकलं ते अर्धंच होतं.

एक शंका. मागे ऐकू येत नसेल तर सरळ आवाज का वाढवत नाहीत?

---

साउंडवाला_पुणे

रात्रपाळी भाऊ, प्रश्न बरोबर आहे. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांत जे कमी असेल तेवढाच चालतो. कुंपणापलीकडे इमारती असतात, म्हातारी माणसं असतात, त्यांचंही बरोबर आहे. रात्री १० ला उघड्यावरचं सगळं बंद, सरकारनं वर्षातले जे थोडे दिवस मोकळे ठेवलेत ते सोडून. म्हणून स्टेजवरून जोर लावून मागे पोचायचं नाही. लहान स्पीकर जास्त ठिकाणी, प्रत्येकाचं तोंड खाली लोकांकडे वळवलेलं, असं करायचं. लोकांना स्पष्ट, कुंपणाबाहेर कमी.

दहाची वेळ आणखी एका बाजूनं मारते. ट्रक उशिरा आले, स्टेज उशिरा लागला की पहिला बळी जातो तो साउंडचेक. दरवाजे तर वेळेवर उघडायचेच असतात. मग मुख्य स्पीकर कसेबसे तपासतात आणि मनोऱ्यांकडे कुणी फिरकत नाही. तुमच्या शनिवारी असंच झालं असेल असा माझा कयास आहे. आयोजकांना इ-मेल जरूर लिहा. ‘आवाज वाईट होता’ असं लिहू नका, त्याचं कुणी काही करत नाही. ‘उजव्या मनोऱ्याला डिले नव्हता आणि डावीकडची गिटार उजव्या मनोऱ्यातून येत नव्हती’ असं लिहा. वडाळ्यांनाही सही करू द्या. हे वाक्य साउंडवाल्या माणसापर्यंत पोचलं तर त्याला झोप लागणार नाही.

---

वडाळा_लोकल

सही माझी धरा. माझ्याकडे मोबाइलवर त्या सोलोची ध्वनिफीत आहे, डाव्या बाजूची. लोकांचं ओरडणं आहे मधे, पण गिटार स्वच्छ आहे. टूलरूम दादा, मुलीसाठी पाठवू का?

---

टूलरूम_नाशिक

वडाळा भाऊ, पाठवा. आणि पाठवलीतही, मिळाली. काल रात्री जेवणानंतर तिनं चार वेळा ऐकली. तिसऱ्यांदा तिला सापडलं की पुस्तकात एका ठिकाणी जो बेंड (तार ओढून सूर चढवणं) अर्ध्या सुराचा छापलाय तो त्यानं पूर्ण सुराचा घेतला आणि वर जाऊन थांबला. ती उठून गिटार घेऊन आली आणि साडेअकरापर्यंत तेवढंच वाजवत होती. शेजारच्या आजींची माफी मी सकाळी मागितली.

इ-मेल लिहिला, साहेबांनी सांगितलं त्याच शब्दांत, दोघांच्या नावानं. ताई, पुढच्या आठवड्यात ऑडिओमेट्रीची वेळ घेतलीय, आणि प्लग मागवले.

साउंडवाला साहेब, मुलीनं एक विचारायला सांगितलंय. तुमचं जवळपास कुठे काम असेल तर साउंडचेक बघायला येता येईल का? तिला ते पॅनचं बटण बघायचंय. मी एका कोपऱ्यात उभा राहीन.

---

साउंडवाला_पुणे

जरूर या. पुढच्या महिन्यात नाशिकलाच एका कॉलेजच्या मैदानावर काम आहे, तारीख तुम्हाला निरोपात कळवतो. दुपारी दोनला या, तेव्हा मैदान रिकामं असतं आणि मला बोलायला वेळ असतो. कार्यक्रमाच्या वेळी नसतो. मुलीला स्वतःची गिटार आणू द्या. मी तिला कन्सोलला जोडून देतो आणि ती वाजवत असताना आपण दोघं कुंपणापर्यंत चालत जाऊ. मग ती कन्सोलवर बसेल आणि माझा मुलगा वाजवेल, आणि कुंपणापर्यंत चालायची पाळी तिची. बूट घालून या, केबल असतात सगळीकडे.